खुर्चीच्या नावावर

१

कियोको शिमाबुकुरो जाऊन महिना होत आला होता, तेव्हा तिच्या मुलाचे पैसे चोरीला गेल्याचं उघडकीला आलं. 'चोरी' हा शब्द वापरू नकोस, असं तिचा वकील फुकुमोतो मला, कियोकोच्या जुन्या ओळखीच्या बाईला, फोनवर पुन्हा पुन्हा बजावत होता. कागदोपत्री सगळं बरोबर आहे म्हणे. मला कागदोपत्री बरोबर असलेल्या गोष्टींचा आधीपासूनच संशय येतो. विमा कंपनीत खोटे दावे पकडण्यात माझी सगळी नोकरी गेली. ज्याचं घर खरंच जळतं, त्याच्याकडे एक पावती धड नसते. जो स्वतःच काडी लावतो, त्याची फाईल मात्र बघत राहावी अशी असते.

प्रकरण असं होतं. कियोको आँटीने जन्मभर शाळेच्या स्वयंपाकघरात भात शिजवला आणि हवाईतल्या हिलोच्या वर, उसाच्या जुन्या मळ्यातल्या सहा नंबरच्या कॅम्पात, म्हणजे मजुरांच्या वस्तीत, स्वतःचं लाकडी घर केलं. नवरा लवकर गेला. मुलगा एकच, माइल्स. त्याला जन्मापासून डाउन सिंड्रोम. आता चाळिशी उलटली तरी त्याला वाचता येत नाही, आणि दहाच्या नोटेपेक्षा तिच्यावरचं चित्र त्याला जास्त आवडतं. पैसे त्याच्या नावावर ठेवले तर सरकारी मदत आणि औषधपाणी बंद होणार, शिवाय कोणी मागितले तर तो हसत देऊन टाकणार. म्हणून फुकुमोतोने ट्रस्ट करून दिला. विश्वस्त नेमला कियोकोच्या बहिणीचा मुलगा, होनोलुलूचा ग्लेन ओशिरो. आणि बँकेतल्या खात्यांवर, आपल्यामागे पैसे कोणाला जावेत त्या जागी, कियोकोने लिहिलं होतं: 'ग्लेन ओशिरो, माइल्सच्या ट्रस्टचा विश्वस्त.'

"म्हणजे पैसे माणसाला नाही दिले, खुर्चीला दिले," फुकुमोतोने मला समजावलं. "त्या खुर्चीवर जो बसेल, त्याने ते माइल्ससाठीच खर्चायचे. उद्या ग्लेन उठला आणि दुसरा बसला, तरी पैसे खुर्चीपाशीच राहतात."

आता बँक म्हणत होती, खात्यावर नुसतं 'ग्लेन ओशिरो' आहे. खुर्ची गायब. एप्रिलमध्ये कियोकोने स्वतः बदल केला, सही तिची, आणि बँकेचा अधिकारी रँडल तोकुनागा साक्षीला. कायदा सरळ आहे. खात्यावर ज्याचं नाव, त्याचे पैसे.

ग्लेन दुःखी आवाजात सगळ्यांना सांगत होता की मावशीचा त्याच्यावर फार जीव होता. घर ट्रस्टचं होतं, त्याला तो हात लावू शकत नव्हता. पण घराचा कर, छपराची दुरुस्ती, माइल्सला सांभाळणाऱ्या क्लॅरिसचा पगार, सगळं त्या खात्यांतून यायचं होतं. ते नाही, तर माइल्सला होनोलुलूच्या एखाद्या संस्थेत जावं लागणार. ग्लेनने जागाही पाहून ठेवली होती. त्या कॅम्पाबाहेर माइल्सने आयुष्यात एक रात्र काढलेली नव्हती.

"सही तिचीच आहे, वर्ना," फुकुमोतो म्हणाला. "मी तिची सही झोपेत ओळखीन. मग तिनेच मत बदललं असेल तर?"

२

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर निघाले. वाटेत अर्धा रस्ता अडवून एका घरावर तंबू चढवत होते. पायापासून छपरापर्यंत सगळं घर पिवळ्या-निळ्या पट्ट्यांच्या ताडपत्रीत गुंडाळलेलं, आत विषारी वायू, दाराला कुलूप. आमच्या बेटांवर वाळवीला माणसापेक्षा घरं जास्त आवडतात. दर काही वर्षांनी हे करावंच लागतं, आणि दोन-तीन दिवस बिऱ्हाड नातेवाइकांच्या गळ्यात पडतं. मी हॉर्न वाजवला, कामगाराने हात हलवला, आणि ट्रक बाजूला घ्यायला त्याने त्याला हवा तेवढा वेळ घेतला.

कियोकोच्या मागच्या ओट्यावर क्लॅरिस बागायो कपडे वाळत घालत होती. क्लॅरिस शेजारीण, फिलिपिनो, बोलायला लागली की थांबत नाही अशी. बरीच वर्षं तीच माइल्सचं खाणंपिणं बघते. मी चपला काढून ओट्यावर बसले. ती ग्लेनच्या नावाने खूप बोलली. तो म्हातारीच्या आजारपणात एकदा तरी आला का, शेवटचा आला तो नववर्षाच्या जेवणाला, दोन वेळा सूप ओरपून गेला, वगैरे.

मग मी एप्रिलची गोष्ट काढली. बँकेच्या कागदावरची तारीख हुला नाचाच्या महोत्सवाच्या आठवड्यातली होती. त्या आठवड्यात कियोको कशी होती, कोणी येत-जात होतं का, असं विचारलं. क्लॅरिसचा नळ बंद झाला. "मला नाही आठवत," ती म्हणाली, आणि वाळत घातलेला टॉवेल काढून पुन्हा वाळत घातला.

ज्या बाईला नववर्षाला कोणी किती सूप प्यायलं ते आठवतं, तिला एप्रिल आठवत नाही. मी ते मनात ठेवलं. क्लॅरिसचाही पगार त्याच पैशातून निघणार होता. पण ग्लेनने तिला काही वेगळं कबूल केलं असलं तर? माणसं विकली जाताना मी जवळून पाहिली आहेत, आणि बहुतेक वेळा ती स्वस्तात जातात.

"माइल्सला विचारू का?" मी म्हटलं.

"विचार. वकिलाने पण विचारलं होतं. त्याला ते घरी कोण आलं, कोण आलं करत होते, आणि हा नुसता सर्कस, सर्कस." ती हसली, पण डोळे माझ्याकडे नव्हते. "टीव्हीवर बघतो काहीतरी."

माइल्स झोपला होता. निघताना मी घराभोवती एक चक्कर मारली. ही सवयच आहे. कियोकोची नेच्यांची रांग भिंतीला लागून होती, तिच्या जिवापलीकडची. भिंतीकडची पानं तपकिरी होऊन वाळलेली, अंगणाकडची हिरवीगार. पाण्यावाचून सुकली असती तर सगळीच सुकली असती. मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही आणि मी चिडूनच घरी गेले.

३

रँडल तोकुनागा बँकेत काचेच्या खोलीत बसतो. फुलाफुलांचा इस्त्रीचा शर्ट, समोर बायका-पोरांचे फोटो. आमच्याकडे अनोळखी माणसाला पहिला प्रश्न असतो, कुठल्या शाळेचा? मी विचारला. उत्तर ऐकून मी दुसरा विचारला, कुठल्या वर्षाचा? मग म्हटलं, "म्हणजे ग्लेन ओशिरोच्या वर्गातला."

"बेसबॉलच्या टीममधला," तो म्हणाला. लपवलं नाही, हे त्याच्या बाजूने धरायला हवं. "पण आँटी, त्याचा ह्याच्याशी संबंध नाही. मी कियोको आँटीला लहानपणापासून ओळखतो. तिच्या ओट्यावर खाऊनच मोठे झालो आम्ही."

त्या दिवसाचं त्याने इतकं सुरेख वर्णन केलं की मी वहीत लिहायचं सोडून ऐकत बसले. गुरुवार होता. कियोकोला खाली येववत नव्हतं, म्हणून बँक बंद करून तोच कागद घेऊन वर गेला. मागच्या ओट्यावर बूट काढले. कियोको अंडागी, आमचे गोड पिठाचे गोळे, तळत होती, त्या तेलाचा वास ओट्यापर्यंत येत होता. माइल्स टीव्हीसमोर मांडी घालून, हुलाची एकेकट्या मुलींची स्पर्धा लागलेली. तिने हात पुसले, चष्मा लावला, सही केली, आणि म्हणाली की ग्लेन घरचाच आहे, त्याच्या नावापुढे शेपूट कशाला. मग त्याला गरम अंडागी बांधून दिली.

हे खरं वाटत होतं. मी त्या स्वयंपाकघरात बसलेली आहे, आणि ते असंच असतं. तेल, टीव्ही, हात पुसणं, सगळं. मला आतून संताप येत होता आणि त्याला टेकायला जागा मिळत नव्हती.

संध्याकाळी ग्लेनला फोन केला. तो माझ्याशी फार गोड बोलला. हुला महोत्सवाला तो हिलोत आला होता, पण घरी मात्र मुद्दाम गेला नाही. "उद्या कोणी म्हणायला नको ना आँटी, की मी मावशीवर दबाव टाकला. म्हणून मी त्या आठवड्यात तिथे पाऊलसुद्धा ठेवलं नाही. कोणालाही विचार."

म्हणजे ग्लेन घरात नव्हता, रँडल होता, सही खरी होती, आणि गुरुवारची तारीख कागदावर बँकेच्या शिक्क्यासकट होती. विमा कंपनीत असते तर मी त्या रात्री दावा मंजूर केला असता.

४

मंजूर करता येईना, म्हणून सकाळी पुन्हा वर गेले. या वेळी माइल्स जागा होता. मी त्याच्यासाठी स्पॅम मुसुबी, म्हणजे भातावर डब्यातलं मांस बांधलेली वडी, नेली होती. त्याने ती भाताकडून खायला सुरुवात केली आणि मांस शेवटी ठेवलं.

मी त्याला रँडलबद्दल विचारलं नाही. गुरुवार विचारला नाही, कारण गुरुवार म्हणजे काय हे त्याला कळत नाही. सगळ्यांनी त्याला आपले प्रश्न विचारले होते. मी त्याचं उत्तर घेतलं आणि तिथून सुरुवात केली.

"माइल्स, सर्कस कुठे आली होती?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की इतकं साधं कसं कळत नाही. "आमच्या घरी."

"घरात?"

"घरावर." त्याने दोन्ही हात डोक्यावर नेऊन खाली आणले. "मोठी. पिवळी-निळी. पण हत्ती नाही आले. मी वाट बघितली. मम्मी म्हणाली आत जायचं नाही, मरशील."

माझ्या हातातला कॉफीचा कप मी खाली ठेवला.

"मग झोपलात कुठे?"

"क्लॅरिसकडे. खाली गादीवर. खूप माणसं होती. टीव्हीत ताई नाचत होती." त्याचा चेहरा उतरला. "एक मामा मला हसला. मम्मी रडली."

दारात क्लॅरिस उभी होती. ती किती वेळ उभी होती कोण जाणे. मी काही विचारायच्या आत ती पायरीवर बसली आणि ॲप्रनला डोळे पुसत बोलायला लागली. तिचा भाऊ लॅनाई बेटावरून सगळं बिऱ्हाड घेऊन महोत्सवाला आला होता. बिअर पिऊन त्याने माइल्सची नक्कल केली. सगळे हसले. क्लॅरिससुद्धा.

"मी पण हसले, आँटी. कियोको आँटीने बघितलं मला. घर उघडल्यावर ती माइल्सला घेऊन निघून गेली, आणि पुढे किती दिवस माझ्याशी बोलली नाही. मग बोलायला लागली, पण ती गोष्ट आम्ही कधी काढली नाही. आणि मग गेलीच ती. मी कुठल्या तोंडाने सांगू, त्या आठवड्यात काय झालं ते?"

तिला कागदावरची तारीख कोणी सांगितलीच नव्हती. वकिलाने विचारलं होतं, घरी कोण आलं. तिच्या मनात तो आठवडा म्हणजे फक्त तिचं हसणं होतं.

वाळवीवाल्यांच्या कचेरीत मी फोन केला. तिथल्या मुलीने लगेच शोधून सांगितलं. तंबू बुधवारी सकाळी चढवला, शुक्रवारी दुपारी उतरवला. भिंतीला टेकलेली नेच्यांची पानं वायूने जळली, हे तिने न विचारताच सांगितलं, आणि त्याबद्दल माफीही मागितली.

पुरावा हातात होता. पण तो फुकुमोतोच्या टेबलावर ठेवला असता तर ग्लेनने चार वकील उभे केले असते, आणि माइल्स तोवर होनोलुलूच्या त्या संस्थेत खिडकीशी बसला असता. मला ते कॅम्पासमोर हवं होतं.

५

बौद्ध रीतीप्रमाणे एकोणपन्नासाव्या दिवसाची प्रार्थना झाली आणि सगळे मंदिरातून कियोकोच्या गॅरेजमध्ये आले. आमच्याकडे पंगत गॅरेजमध्येच बसते. घडीची टेबलं, भात, नूडल्स, तळलेली कोंबडी. ग्लेन होनोलुलूहून काळा सूट घालून आला होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याचे हात हातात घेत होता. रँडलला त्यानेच बोलावलं होतं. कोपऱ्यात फुकुमोतो ताट घेऊन उभा होता.

जेवणं निम्म्यावर आली तेव्हा मी उठले आणि म्हटलं, प्रत्येकाने आँटीची एक आठवण सांगू या. दोन-तीन जणांनी सांगितल्या. मग मी रँडलकडे वळले. "तू तिला शेवटी भेटलेल्यांपैकी. ती गुरुवारची संध्याकाळ सांग ना. मला किती छान सांगितलीस."

तो लाजला, पण उभा राहिला. सांगतोही चांगला. ओट्यावर बूट काढले, इथपर्यंत लोक हसऱ्या चेहऱ्याने ऐकत होते. अंडागीच्या वासावर एका म्हातारीने डोळे टिपले. मग तो म्हणाला की टीव्हीवर एकेकट्या मुलींचा हुला चालू होता.

समोरच्या घरातल्या मिस्टर आरुडाने चमचा खाली ठेवला. त्याची नात त्या संध्याकाळी टीव्हीवर नाचली होती, ती संध्याकाळ तो मरेपर्यंत विसरणार नव्हता. त्याच्या बायकोने त्याच्याकडे पाहिलं. टेबलामागून टेबल गप्प होत गेलं. रँडल बोलतच होता, कियोकोने हात कसे पुसले ते सांगत होता, आणि शेवटी त्यालाच तो शांतपणा ऐकू आला.

"त्या दिवशी ह्या घरावर तंबू होता, पोरा," मिस्टर आरुडा म्हणाला. "आमच्या दारासमोर. दोन रात्री वाऱ्याने फडफडत होता, मला झोप नाही."

"मग बुधवार असेल," ग्लेन पटकन म्हणाला. "एखाद्या दिवसाची चूक होते माणसाची. त्यात काय एवढं."

"बुधवारी सकाळीच तंबू चढला," मी म्हटलं. "शिक्का गुरुवारचा आहे, आणि एकेकट्या मुलींची स्पर्धा गुरुवारीच असते. हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. रँडल, तू ह्या घरात गेलास आणि जिवंत बाहेर आलास, तर आपण तुझं नाव वर्तमानपत्रात देऊ."

मला त्याचं वर्णन खरं का वाटलं ते तेव्हा मला नीट कळलं होतं. ते खरंच होतं, पण रोजचं होतं. कियोको रोज हात पुसायची, माइल्स रोज टीव्हीसमोर बसायचा. रँडलने आठवणीतला एक नेहमीचा दिवस उचलून त्या तारखेवर चिकटवला, आणि वर्षभरात नेमकी तीच तारीख नेहमीसारखी नव्हती.

रँडल खाली बसला. त्याने ग्लेनकडे पाहिलंही नाही, सगळं सांगून टाकलं. नववर्षाच्या जेवणाला ग्लेनने मावशीपुढे बँकेचा कोरा अर्ज ठेवला होता, बँक कार्ड बदलतेय म्हणून. तिने सही केली. भाच्याने सांगितलं तर कोणती मावशी वाचत बसते? एप्रिलमध्ये ग्लेनने तो रँडलला दिला, हुला चालतो त्या स्टेडियमच्या पार्किंगमध्ये. "तो म्हणाला, मावशीचीच इच्छा आहे, सही झालेलीच आहे, तू फक्त पाहिलं म्हण. वर चढ चढून म्हातारीला कशाला त्रास? मला वाटलं, एवढंसं तर काम."

मी नोकरीत जितकी लुबाडणूक पाहिली, तिच्या तळाशी कोणीतरी एक भला माणूस बसलेला असायचा, ज्याला वाटलं होतं की एवढंसं तर काम.

ग्लेनचा गोडवा संपला होता. "मी काय त्याला रस्त्यावर टाकणार होतो?" तो माझ्यावर ओरडला. "चांगली जागा बघितलीय त्याच्यासाठी. नर्स आहेत, बाग आहे. इथे काय आहे त्याला? तुमच्यापैकी कोण बघणार होतं? सगळं माझ्याच डोक्यावर ना?"

"तू हिलोत चार दिवस होतास," मी म्हटलं. "हॉटेलात राहिलास, हुला बघितलास. गाडीने इथे यायला किती वेळ लागतो? दबाव नको म्हणून आला नाहीस म्हणे. मावशीला नुसतं कशी आहेस विचारायला वर आला असतास, तर तुला तंबू दिसला असता. खोटं तरी नीट बोलला असतास."

सूटचं बटण लावत ग्लेन गाडीकडे गेला. माइल्स त्याच्या मागे धावला आणि त्याला मिठी मारून आला. ते बघून मला ग्लेनचा आला नव्हता इतका राग आला, आणि कोणाचा ते कळेना.

६

फुकुमोतोने पुढचं झटपट उरकलं. कोर्टाची वेळ येऊ नये म्हणून ग्लेनने पैशावरचा हक्क सोडला आणि विश्वस्तपदही. रँडलची चौकशी बँकेने सुरू केली. पैसे परत खुर्चीपाशी आले. पण खुर्ची रिकामी होती. ग्लेननंतर कियोकोने तिच्या भावाचं नाव लिहिलं होतं, आणि तो तिच्याआधीच गेला होता.

फुकुमोतोने कॅम्पातल्या सगळ्यांना पुन्हा त्याच गॅरेजमध्ये बोलावलं आणि विचारलं, कोण बसेल? कियोकोच्या ओट्यावर वर्षानुवर्षं खाल्लेली माणसं ती. कोणाचं गुडघ्याचं ऑपरेशन होतं, कोणाची मुलगी लास वेगसला राहते, कोणाला कागदातलं कळत नाही. क्लॅरिस विचारायच्या आधीच म्हणाली, पगार घेणारीने पैसे सांभाळू नयेत. तेवढं एकच कारण मला पटलं. ग्लेन हरामखोर होता, पण कोण बघणार होतं असं त्याने विचारलं तेव्हाही हे सगळे असेच ताटाकडे बघत होते. मला इतका संताप आला की मी हो म्हणून बसले.

म्हणून परवा मी माइल्सला घेऊन दुसऱ्या बँकेत गेले. खिडकीवरच्या मुलीने माझं नाव टाइप केलं आणि गोड हसून म्हणाली की बाकीचं चौकटीत बसत नाही, नुसतं नाव टाकू का, सगळे तसंच करतात.

मी म्हटलं, नाही बसत तर मॅनेजरला बोलवा, त्याला नाही जमलं तर त्याच्या वरच्याला. आम्ही बसतो. आम्ही बसलो. मागे रांग वाढली, लोक घड्याळं बघायला लागले. माइल्सचा सगळ्यांना हात करून झाला. शेवटी कोणीतरी मुख्य कचेरीत फोन लावला आणि ते सगळं त्या चौकटीत मावलं: वर्ना मेडेरॉस, माइल्स शिमाबुकुरोच्या ट्रस्टची विश्वस्त. मुलीने छापून दिलं, मी अक्षर न् अक्षर वाचलं, आणि मग सही केली.

माइल्सने कागदावर बोट ठेवलं. "हे काय आहे?"

"पैसे."

"कोणाचे?"

"तुझे."

त्याने थोडा विचार केला. मला वाटलं, आता आइस्क्रीम मागेल.

"मग मी घरी राहू?" तो म्हणाला.